वरचा मजला चढवण्यापूर्वी जुना मंजूर नकाशा पाहावा

नाशिकमधील आमच्या बैठ्या घरावर एक मजला चढवण्याचे काम सध्या सुरू आहे. बांधकाम परवानगी घेताना जे समजले, त्यावरून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. नव्या खोल्यांचा आराखडा काढून घेण्याआधी जुन्या घराचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाले असून घर वापरता येईल, असा दाखला) मिळवून, घर प्रत्यक्षात त्याप्रमाणे उभे आहे का, हे वास्तुविशारदाबरोबर टेप लावून तपासावे.

याचे कारण असे की, अर्ज वाढीव बांधकामाचा असला तरी छाननी संपूर्ण भूखंडाची होते. मागच्या सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती नियमानुसार मोकळ्या सोडायच्या जागेत, कधीतरी टाकलेले पत्र्याचे छप्पर किंवा जिन्याखाली काढलेली खोली मूळ नकाशात नसेल, तर ती नियमात बसवून मंजूर करून घ्यावी लागते, अन्यथा काढून टाकावी लागते. आमच्याकडे मागची पडवी नकाशात नव्हती आणि ती उतरवावी लागली. आईची सारी वाळवणे तिथेच होत असत, त्यामुळे तिला फार वाईट वाटले. तरीही शेजारच्या भिंतीपर्यंत मोकळी राहणारी जागा उजेड, वारा आणि आगीच्या प्रसंगी माणसांना वावरता यावे यासाठी असते, हे मला मनापासून पटते.

जमिनीच्या क्षेत्राचेही तसेच आहे. राज्यातील बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित नियमावलीनुसार सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि प्रत्यक्ष जागा या तिन्हींपैकी जे क्षेत्र सर्वांत कमी असेल तेच चटई क्षेत्राच्या, म्हणजे भूखंडावर एकूण किती बांधकाम करता येईल याच्या, हिशेबासाठी धरले जाते; म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडील मोजणी जुनी असेल तर ती आधी करून घेणे श्रेयस्कर. जुना पाया नवा भार पेलेल की नाही, याविषयी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखलाही केवळ कागद म्हणून घेऊ नये. रंगकाम, गिलावा किंवा फरशी बदलणे यांसाठी मात्र परवानगी लागत नाही.

साठ दिवसांत निर्णय न आल्यास परवानगी मिळाली असे समजून काम सुरू करावे, असा सल्ला अनेक जण देतात. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये मानीव परवानगीची तरतूद आहे खरी, परंतु ती बांधकाम नियमांशी तंतोतंत जुळणारे असेल तरच लागू होते. ते जुळते की नाही हा प्रश्न भिंती उभ्या राहिल्यानंतर उपस्थित झाला, तर त्याची जबाबदारी मालकावरच येते. त्यामुळे आम्ही लेखी बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र हाती आल्यावरच वाळू आणि विटा मागवल्या.

आता ठेकेदार गॅलरी दोन फूट पुढे घेण्याचा आग्रह धरत आहेत. सुधारित नकाशा मंजूर झाल्याखेरीज ते करायचे नाही, असे आम्ही त्यांना सांगितले आहे, कारण भोगवटा प्रमाणपत्रासाठी होणारी तपासणी मंजूर नकाशा समोर ठेवूनच होणार आहे.