रिजेक्शन शिफ्टच्या शेवटी मोजू नका

बडोद्यात मकरपुरा, वाघोडिया, मंजुसरच्या प्लॅस्टिक मोल्डिंग शेडमध्ये मशीनवर टॅब आणि वर हिरवे-लाल दिवे ही आता नवलाई राहिलेली नाही. दिवे लागले तरी रिजेक्शन तेवढंच राहतं, कारण मशीन कधी चाललं-थांबलं ते सेकंदासेकंदाला नोंदलं जातं आणि खराब माल शिफ्ट सुटताना एकदाच मोजला जातो. १,८०० नगांत ९० खराब निघाले, ठीक. पण ते सलग पंचवीस मिनिटांत निघाले की आठ तास थोडे थोडे? हे कळल्याशिवाय फिटरने बघायचं काय?

म्हणून आधी शॉटची, म्हणजे साचा (डाय) एकदा भरून नग काढण्याच्या प्रत्येक फेरीची, मोजणी पक्की करा. जुन्या मशीनवर बरेच जण इजेक्टरचा, म्हणजे डायमधून नग ढकलून काढणाऱ्या भागाचा, २४ व्होल्टचा सिग्नल घेतात. इजेक्टर दोन स्ट्रोकवर असेल तर एका शॉटचे दोन मोजले जातात. नुसता इंजेक्शनचा सिग्नल घेतला तर पर्ज करताना, म्हणजे मशीनमधला जुना माल बाहेर काढून टाकतानाही, आकडा वाढतो. डाय बंद असताना इंजेक्शन झालं तरच एक शॉट, असं दोन्ही सिग्नल जोडून घ्या, मध्ये ऑप्टो-आयसोलेटर (मशीनची वीज पुढे न जाऊ देता फक्त सिग्नल नेणारा भाग) ठेवून. सगळ्या टॅबची घड्याळंही एकाच वेळेवर हवीत.

मग खराब नग दर अर्ध्या तासाला, कॅव्हिटी (डायमधला, ज्यात नग घडतो तो खाचा) नंबरसकट नोंदवायचे. कारणं सात-आठच ठेवा, गुजराती आणि हिंदीत, आणि टॅबशेजारी प्रत्येक दोषाचा खरा नग टांगून ठेवा. वीस कारणांची यादी दिली की ऑपरेटर पहिलंच बटण दाबतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त थांब्यानंतरचे पहिले दहा-पंधरा शॉट वेगळ्या खात्यात टाका, नाहीतर चालू मालाचं चित्र बिघडतं.

मशीनमधून एकच आकडा घ्यायची सोय असेल तर कुशन घ्या. होल्डिंग, म्हणजे डाय भरल्यावर माल दाबून धरायचा टप्पा, संपल्यावर स्क्रूच्या (माल पुढे ढकलणाऱ्या दांड्याच्या) पुढे जो वितळलेला माल उरतो, ते कुशन. समजा ते दर शॉटला ४.८ ते ५.२ मिमीत राहतंय, आणि एके दिवशी ५.१, ४.४, ४.९, ३.७ असं नाचायला लागलं. चेक रिंग, म्हणजे स्क्रूच्या टोकाशी माल मागे जाऊ न देणारी कडी, गळतेय. इंजेक्शनच्या वेळी माल मागे सरकतोय. कुशन शून्यावर गेलं की होल्डिंगचा दाब डायपर्यंत पोचत नाही, आधी सिंक मार्क (नगावर खळगे) येतात, मग शॉर्ट (अर्धवट भरलेले नग). अशा वेळी डोस (दर शॉटला घ्यायचा माल) वाढवून वेळ मारून नेतात आणि दोन दिवसांनी पुन्हा तोच घोळ. रिंग झिजली की मध्ये कचरा अडकलाय, हे स्क्रू बाहेर काढल्यावरच कळतं. काचेचे तंतू घातलेलं नायलॉन चालत असेल तर पहिला संशय झिजेवरच घ्या. कुशन न देणाऱ्या मशीनवर तासाला पाच शॉट ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर तोला. तेही बरंच काही सांगतं.

कुशन किंवा वजनाच्या अलार्मची मर्यादा पुस्तकातून उचलू नका, चांगल्या मालाच्या सलग शंभर शॉटवरून काढा. शिफ्टमध्ये वीसदा वाजणाऱ्या हूटरवर तिसऱ्या दिवशी चिकटपट्टी लागलेली दिसेल, आणि त्यात ऑपरेटरची चूक नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र स्क्रीनवर फार भरवसा ठेवू नये. हॉपर ड्रायर (मशीनच्या दाण्याच्या टाकीवर दाणा सुकवणारं यंत्र) ८० अंश दाखवतो, सगळं हिरवं असतं, तरी नायलॉनवर चंदेरी रेघा येतात. साधा ड्रायर शेडमधलीच दमट हवा ओढून गरम करतो. दाण्यातला ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली हवा, आणि तो तापमानाच्या आकड्यात दिसत नाही. आधी हवेतला ओलावा काढणारा डिह्युमिडिफायिंग ड्रायर घ्या, आणि उघड्या पिंपात पडून राहिलेला रनर (डायमधल्या माल जायच्या वाटेत थिजलेला जादा भाग) ग्राइंड करून थेट हॉपरमध्ये ओतू नका.

शेवटचं भोक ग्राइंडरचं, म्हणजे खराब नग आणि रनर दळणाऱ्या यंत्राचं. रिजेक्शनवरून पगार कापत असाल तर खराब नग टॅबवर न येता तिकडेच जातील. हिशेब साधा आहे: १८ ग्रॅमचे दोन नग आणि ६ ग्रॅम रनर, म्हणजे शॉट ४२ ग्रॅमचा. पर्जचा लोळा वेगळा तोलून वजा केल्यावर उरलेल्या २५ किलोत साधारण ५९५ शॉट, ११९० नग. स्टोअरला ११०० जमा आणि टॅबवर रिजेक्शन २० असेल, तर उरलेल्या सत्तर नगांसाठी ग्राइंडरजवळ एक वजनकाटा ठेवा आणि पगारकपात बंद करा.