सोळा सेकंदांची लाट आणि दोन बोर्ड

हनुमान जयंतीची सकाळ होती. गोव्यातल्या आश्वेंच्या किनाऱ्यावर सहा वाजता आमची सर्फिंगची पहिली बॅच उभी होती आणि समोर लाटच नव्हती. सुकती पूर्ण लागलेली, ओली वाळू लांबवर उघडी पडलेली, पूर्वेकडून हलका मतलई वारा. मुंबईहून आलेली चार मुलं काखेत बोर्ड धरून माझ्याकडे बघत होती. पाणी इतकं शांत असताना हा आपल्याला आत का सोडत नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मी थांबलो होतो त्याला कारण होतं. समुद्राचा अंदाज देणारी केंद्र सरकारची इन्कॉइस ही संस्था हैदराबादला आहे. तिचं पत्रक मी रोज संध्याकाळी बघतो. आदल्या दिवशीच्या पत्रकात लाटेची उंची १.२ मीटर आणि कालावधी, म्हणजे दोन लाटांमधला काळ, १६ ते १८ सेकंद असे आकडे होते. उंचीला कुणी घाबरणार नाही. एप्रिलमध्ये दुपारचा खारा वारा सुटला की आमच्याकडे साधारण तेवढी लाट उठतेच. पण त्या वाऱ्याच्या लाटा सहा-आठ सेकंदांनी एक अशा येतात. सोळा सेकंदांची लाट गोव्याच्या वाऱ्याने उठत नाही. ती दक्षिण महासागरातल्या वादळात तयार होते आणि पाच-सहा दिवस प्रवास करून विषुववृत्त ओलांडून आपल्या किनाऱ्याला लागते. केरळचे मच्छीमार या पाण्याला कल्लक्कडल म्हणतात. आकाश निरभ्र, वारा पडलेला, आणि तरी समुद्र एकाएकी घरात शिरतो.

माझे बाबा शिरोड्याचे रापणकार. आता रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत नाहीत, पण पहाटे किनाऱ्यावर जातातच. साडेपाचला त्यांचा फोन आला होता. "आज होडी ढकलूक नाय. पाणी थांबान थांबान येता हा. थांबला म्हणान फसा नको."

पत्रकातले सोळा सेकंद ते हेच. लाटांमधला काळ लांबला की त्यांच्यातलं अंतरही लांबतं. खोल पाण्यात आठ सेकंदांच्या दोन लाटा साधारण १०० मीटरवर असतात, सोळा सेकंदांच्या ४०० मीटरवर. त्यातही त्या घोळक्याने येतात. पाच-सहा लाटांचा सेट, मग दहा-पंधरा मिनिटं काहीच नाही. ज्याने त्या मधल्या वेळात समुद्र पाहिला, त्याला तो सपाटच दिसणार.

थोड्या वेळाने क्षितिजाजवळ एक काळसर रेघ दिसली. ती रेघ उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सलग होती. पाण्याखालच्या वाळूच्या बांधावर आली तशी उभी राहिली आणि संपूर्ण किनाऱ्यावर एकाच वेळी कोसळली. सर्फर याला क्लोजआउट म्हणतात. लाट एका टोकाकडून दुसरीकडे उलगडत गेली, तर तिच्या कडेने पळायला जागा मिळते. सगळी एकदम पडली तर पळायचं कुठे? आणि पत्रकातली १.२ मीटर उंचीही कुठल्या कुठे गेली. लांब कालावधीची लाट उथळ पाण्यात शिरताना जास्त वाढते. खोल पाण्यात उंची तेवढीच असली, तरी सोळा सेकंदांची लाट आठ सेकंदांच्या लाटेपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त उंच होऊन फुटते. मुलांनी बोर्ड खाली ठेवले. मी बॅच वाळूवर घेतली आणि उभं राहायचा सराव सुरू केला.

तेवढ्यात पुण्याच्या ताई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या. गेले काही हंगाम त्या नेमाने येतात आणि मन लावून शिकतात. त्या दिवशी त्यांच्या दोन्ही हातांत त्यांचा स्वतःचा नवा बोर्ड होता, ९ फूट ६ इंचांचा लॉग, म्हणजे जड लांब बोर्ड. तो बघून मला मनापासून आनंद झाला. पुढचं टोक, म्हणजे नोज, रुंद आणि गोलसर, जवळजवळ सपाट तळ, बाजूची कड, म्हणजे रेल, जाड आणि मऊ गोलाईची, मागे चौकोनी टेल, खाली दहा इंचांचं एकच उभट फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पाती. वजन नऊ किलोच्या आसपास. हा बोर्ड एकाच गोष्टीसाठी घडवलेला असतो: लाटेवर चालत चालत नोजच्या टोकापर्यंत जायचं आणि तिथे उभं राहायचं. कंबरेएवढ्या, हळू उलगडणाऱ्या लाटेवर त्याला तोड नाही. वल्ही उचलल्यावरही होडी जशी आपल्याच वजनाने पुढे सरकत राहते, तसा लॉग लाटेचा जोर ओसरला तरी थांबत नाही. गोव्याच्या नेहमीच्या मऊ लाटांना तो अगदी योग्य.

"ताई, आत्ता हा नको," मी म्हटलं.

"अरे, मोठी लाट, मोठा बोर्ड. तूच सांगतोस ना, लांब बोर्ड लाट लवकर पकडतो?"

हे मी सांगतो आणि ते खरंही आहे. पण लवकर पकडायला लाट लवकर तिरकी व्हावी लागते. सुकतीच्या वेळी उथळ बांधावर ही लाट शेवटच्या क्षणी भिंतीसारखी उभी राहत होती. तिच्यावर सपाट तळाचा बोर्ड घातला की नोज पाण्यात घुसते आणि मागचं नऊ किलोंचं ओझं माणसाच्या डोक्यावरून येतं. अशा लाटेला रॉकर जास्त हवा, म्हणजे नोजचा बाक वर उचललेला. रेल बारीक हवी, म्हणजे ती लाटेच्या उभ्या अंगाला चावा घेऊन धरून राहते. टेल निमुळती हवी, म्हणजे वेगात बोर्ड मागून उचलला जात नाही. आमच्याकडे ९ फूट १ इंचांचा असा एक लॉंगबोर्ड आहे, मध्ये सात इंचांचं फिन आणि बाजूला दोन छोटी फिन. वजन साडेसहा किलो. मी तो पुढे केला. ताईंना ते पटलं नाही, पण त्यांनी लॉग वाळूवर ठेवला. निदान भरती अर्धी चढेपर्यंत दोन्हीपैकी काहीच पाण्यात न्यायचं नाही, एवढं ठरलं.

सात वाजता ते घडलं. दक्षिणेकडे, आमच्यापासून थोड्या अंतरावर, पर्यटकांचा एक गट मधल्या शांततेत कंबरभर पाण्यात उतरला. त्यांनी निवडलेली जागा सगळ्यात शांत दिसत होती. बांधाला तिथे खिंड होती आणि किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी तिथूनच परत जात होतं. सेट आला. पहिल्या दोन लाटांनी त्यांना वर ढकललं. मग ते पाणी खिंडीतून मागे फिरलं आणि तिघांचे पाय सुटले.

जीवरक्षकाची शिट्टी ऐकू आली तेव्हा तो आधीच धावत सुटला होता. माझ्या पायाशी लॉग पडला होता. मी तो उचलून खिंडीत उडी घेतली. मघाशी ज्या गुणांमुळे मी तो बोर्ड नाकारला, तेच इथे कामाला आले. खिंडीत पाणी खोल असतं, लाट फुटत नाही आणि ओढ बाहेरच्या दिशेने असते. तिथे सत्तर-पंचाहत्तर लिटरचा सपाट, जड बोर्ड हाताच्या प्रत्येक फटक्याला लांब सरकतो. दोघं मला आधी सापडले. त्यांना दोन बाजूंनी रेल धरायला लावली आणि "पाय मारू नका, फक्त धरून ठेवा" एवढंच बजावत राहिलो. तिसऱ्याला जीवरक्षकाने आपल्या ट्यूबवर घेतलं.

तिथून सरळ किनाऱ्याकडे निघालो असतो, तर उरलेला सेट आमच्या पाठीवर पडला असता. आम्ही बांधाच्या बाहेर थांबलो. दोघांपैकी एक मुलगा रडत होता. किनारा समोर दिसत असताना थांबायचं कशाला, हे त्याला समजणं शक्य नव्हतं. मी त्याला लाटा मोजायला सांगितलं. शेवटची लाट गेल्यावर उत्तरेकडे आडवे सरकलो आणि त्या शांततेत, एकही लाट अंगावर न घेता, वाळूवर आलो. तिघंही शुद्धीवर होते. खोकत होते, थरथरत होते. जीवरक्षकांनी त्यांना तपासून रुग्णालयात पाठवलं आणि लाल झेंडे लावले.

१९२५ साली कॅलिफोर्नियात कोरोना डेल मार इथे थेल्मा नावाची बोट उलटली, तेव्हा हवाईच्या ड्यूक कहानामोकूंनी आपल्या सर्फबोर्डवरून आठ माणसांना वाचवलं होतं. त्यांच्या बोर्डला फिनसुद्धा नव्हतं. बोर्डला फिन लावण्याचं श्रेय टॉम ब्लेक यांना जातं आणि ते साल १९३५. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगत आलो आहे. लांब बोर्डकडे केवळ नवशिक्यांचं साधन म्हणून बघितलं जातं, ते मला सहन होत नाही.

आठनंतर भरती निम्मी चढली. जीवरक्षकांशी बोलून आम्ही खडकांच्या उत्तरेचा कोपरा तेवढा घेतला. दक्षिणेचं पाणी सगळ्यांना बंद होतं. नैर्ऋत्येकडून येणारी लाट खडकांना वळसा घालून या कोपऱ्यात येते, तेव्हा तिची ती सलग रेघ मोडते. एक टोक आधी फुटतं आणि मग लाट डावीकडे उलगडत जाते. ताई उजवा पाय पुढे ठेवून उभ्या राहतात, त्यामुळे डावी लाट त्यांच्या तोंडासमोर येते. ताईंनी तो ९ फूट १ इंचांचा बोर्ड घेतला, लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, पोटरीला बांधली, सेट संपू दिला आणि निघालो. लांब कालावधीच्या लाटेचा हा एक मोठा उपकार आहे. वेळ साधली तर केससुद्धा न भिजता बाहेर पोचता येतं. नेहमीच्या आठ सेकंदांच्या पाण्यात लॉंगबोर्ड घेऊन बाहेर जाताना बोर्डसकट उलटं होऊन किती लाटा डोक्यावरून जाऊ द्याव्या लागतात, ते करणाऱ्यालाच माहीत.

पहिली लाट ताईंनी सोडली. दुसरी आली तेव्हा मी ओरडलो, "तिरकं! डावीकडे बघा, खाली नाही!" त्या तिरक्या निघाल्या, रेल धरली गेली, आणि लाट त्यांच्या खांद्याच्या वर असताना त्या खालच्या भागातून वळून पुन्हा वर आल्या. अशा लाटेवर पुढे चालत जायचं नसतं. मागचा पाय फिनच्या वर, गुडघे वाकलेले, नजर लाटेच्या न फुटलेल्या अंगावर. नोज त्या वेळी पाण्याबाहेर हातभर उचललेली होती. लॉगवर तीच नोज पाण्याखाली गेली असती. परत येताना त्यांनी स्वतःच सांगितलं, "हा धरून राहतो रे. सुटत नाही."

पावणेदहाच्या सुमारास पाणी बदललं. पौर्णिमेचं उधाण, भरती अकराच्या सुमारास पूर्ण होणार होती. बांधावर पुरेसं पाणी चढलं तशी लाट उभी राहायची थांबली. लांबून फुगत यायची, माथ्यावरून हळूच पांढरी व्हायची आणि बराच वेळ तशीच वाहत राहायची. ९ फूट १ इंचांच्या बोर्डवर ताईंच्या हातून एकामागून एक लाटा निसटू लागल्या. लाट तिरकी होण्याआधीच खालून निघून जायची. आता लॉगची वेळ झाली होती.

किनाऱ्यावर येऊन आम्ही त्याचं फिन खाचेत बोटभर मागे सरकवलं. फिन मागे गेलं की बोर्ड वळायला जड होतो, पण टेल जागेवर राहते, आणि नोजवर जायचं तर टेल जागेवरच हवी. लोकांना वाटतं, नोजवरचा माणूस केवळ तोल सांभाळून उभा असतो. त्याला खरं तर लाट मागून धरून ठेवते. लाटेचं पाणी टेलवरून वाहतं, तिला खाली दाबतं, आणि त्या दाबाने पुढचं टोक माणसाचं वजन पेलतं. म्हणून टेल रुंद, रेल मऊ, बोर्ड जड. हलक्या, बारीक रेलच्या बोर्डवर हे कसबी माणसालाही क्षणभरच साधतं.

ताईंनी लाट बाकीच्यांच्या किती तरी आधी पकडली. उभ्या राहिल्या, वळल्या, बोर्ड लाटेच्या मधल्या रेषेत स्थिर केला. मग पाय ओलांडत एक पाऊल, दुसरं, तिसरं. शेवटी खाली बसून उजवा पाय लांब केला आणि पाचही बोटं नोजच्या कडेवर टेकवली. याला चीटर फाइव्ह म्हणतात, पण मला ते नाव आवडत नाही. त्या वयात, त्या लाटेवर, तिथपर्यंत चालत जाण्यात फसवणूक कसली? वाळूवरची मुंबईची मुलं उभी राहून ओरडत होती. मीही ओरडत होतो.

साडेअकराला वायव्येचा वारा सुटला, लाटेवर खळबळ माजली आणि आम्ही सगळे बाहेर आलो. दादर-परळच्या त्या चार मुलांना अजून पाण्यात जायचं होतं. दुसऱ्या दिवशीची त्यांची बॅच मी साडेआठला लावली. भरती रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, आणि लांबच्या वादळातून सगळ्यात मोठ्या कालावधीच्या लाटा आधी पोचतात, म्हणजे उद्या अंदाज तेरा-चौदा सेकंदांवर उतरणार होता. तेवढ्यात खडकांच्या आडोशाला, मऊ फोमच्या बोर्डवर, त्यांना फेसात उभं करता आलं असतं. ताईंना मी दोन्ही बोर्ड घेऊन यायला सांगितलं.

"आधी कुठला?" त्यांनी विचारलं.

"आधी अर्धा तास वाळूवर बसायचं आणि दोन सेट मोजायचे. मग तुम्हीच सांगा."

जाताना त्यांनी घड्याळाचा गजर पावणेआठचा लावून घेतला.