काझाला मनालीहून जाऊ नका

काझा म्हणजे हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव. ज्याच्याकडून मनालीत गाडी ठरवली त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "अटल बोगदा झाल्यापासून सहा तासांत काझा." आम्हाला तेरा तास लागले. २०२० पासून सुरू असलेला तो ९ किलोमीटरचा बोगदा रोहतांगचा घाट वाचवतो, हे खरं. पण कोकसरवरून ग्राम्फूला आलात की पुढे रस्ता म्हणावा असं फार थोडं उरतं.

ग्राम्फू ते बातल जेमतेम पन्नास किलोमीटर. चंद्रा नदीच्या काठाने नुसते गोटे, आणि वरून हिमनद्यांचे ओढे थेट रस्त्यावर. ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी गुडघ्यावर जातं. आम्ही पोचलो दोन वाजता. गाडी मधोमध अडकली. चाकापुढचे दगड काढायला उतरलो तर मिनिटभरात पावलं बधिर झाली, बोटांना दगडाची धार लागलेलीसुद्धा कळली नाही. त्यानंतर बातलला ड्रायव्हरने माणशी हजार रुपये जास्त मागितले, नाहीतर इथेच उतरा म्हणाला. आसपास दुसरी गाडी नाही, चार माणसांचे चार हजार मोजले. बातलपुढची कुंझुम खिंड, रात्रीचा मुक्काम, परतीचं डिझेल, सगळं धरून भाडं आधी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या आणि निम्मे पैसे काझाला पोचल्यावरच द्या.

खरा फटका उंचीचा बसला. मनाली दोन हजार मीटरवर, कुंझुम साडेचार हजारांच्या वर, आणि हे एका दिवसात. माझा मावसभाऊ दर रविवारी सिंहगड चढतो. तो काझात दीड दिवस डोकं धरून पडून होता, पाणीही पोटात राहत नव्हतं. दमसास चांगला असला म्हणजे विरळ हवा सोसते असं नाही. म्हणून शिमला, रेकाँग पिओ, नाको, ताबो असे मुक्काम करत वर चढा आणि परतताना कुंझुममार्गे उतरा. त्या दिवशी काझा पहाटे चारला सोडा, बातलच्या पुढचे ओढे दहाच्या आत ओलांडा.

स्पितीतली की, किब्बर, धनकर ही गावं बघून झाली, दिवस छान गेले.

लांग्झा गावात मात्र थांबा. इथे पाऊस नावालाच, शेती चालते ती वितळलेल्या बर्फाच्या पाण्यावर. ते पाटाने आणतात, त्याला 'कूल' म्हणतात. मटाराच्या शेतात एक बाई फावड्याने पाट फोडत होत्या. चपटा दगड आणि गवताचं ढेकूळ बाजूला केलं, पाणी सरीत शिरलं. सरी भरल्यावर तेच ढेकूळ पुन्हा जागेवर बसवून टाचेने दाबलं. मी बांधावर पाय ठेवणार तेवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं, बांध खचला तर पाणी वाया जातं. मग ओंजळभर शेंगा दिल्या. इतका गोड मटार मी खाल्लेला नाही. होमस्टेत संडास कोरडा असतो, त्यात पाणी ओतू नका, माती टाका. त्याचंच खत या शेतांत जातं.

मटार हेच त्यांचं रोख पैशाचं पीक. ऑगस्टमध्ये पोती भरलेल्या गाड्या याच ओढ्यांतून मनालीकडे उतरतात. रस्ता दोन दिवस बंद पडला तर हिरवा माल पोत्यातच पिवळा पडतो. ओढ्यापाशी मागे मटाराची गाडी दिसली तर तिला आधी जाऊ द्या.