अ‍ॅमस्टरडॅमच्या जुन्या बाजारात आमचा स्टॉल

ऑक्टोबर २०२३मध्ये आम्ही तिघं पुण्याहून डीपीडब्ल्यूला गेलो. डिजिटल प्रोक्युरमेंट वर्ल्ड, म्हणजे कंपन्यांच्या खरेदी खात्यांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची आणि ते घेणाऱ्यांची अ‍ॅमस्टरडॅममधली परिषद. जागा बर्स व्हान बेर्लाखे. सेंट्रल स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, १९०३ची लाल विटांची इमारत. धान्याचे, मालाचे, शेअरचे सौदे पूर्वी इथेच व्हायचे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डावर लोखंडी कमानी आणि काचेचं छत चढवलं तर कसं दिसेल, तसं काहीसं.

पहिल्या दिवशी सकाळीच माती खाल्ली. डेमो मुंबईच्या सर्व्हरवर होता. ऑफिसात भर्रकन उघडणारी पानं तिथे क्लिकगणिक अडखळायला लागली. त्यात डेमोचा डेटा अस्सल देशी: चाकणचा एक नट-बोल्टवाला सप्लायर, जीएसटी नंबर आणि रक्कम १,२०,०००. एका जर्मन कंपनीच्या खरेदीप्रमुख बाईंनी पहिल्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं, ‘हा चुकून पडलाय का?’ त्यांच्याकडे दहा मिनिटं होती, त्यातली चार ‘लाख’ समजावण्यात गेली. मग त्यांनी विचारलं, डेटा कुठे असतो? मुंबई म्हटल्यावर हसून पुढच्या स्टॉलवर गेल्या.

त्या रात्री हॉटेलात बसून सगळं फ्रँकफर्टच्या सर्व्हरवर हलवलं. आमचे अकरा, पुण्यातल्या सहकाऱ्याचे रात्रीचे अडीच. त्याला येताना चीज आणलं, पण हिशेब काही फिटला नाही. रकमा युरोत केल्या, तारखेतला महिना अक्षरी केला आणि चाकणवाल्याला काढून टाकलं. हे सगळं निघायच्या आधी आठवडाभर करायचं काम आहे. तुम्ही तरी करा.

एआयची पाटी जिकडेतिकडे होती, आमच्याही स्टॉलवर. त्याबद्दल फार कुणी विचारलं नाही. विचारलं ते रुक्षच: आमच्या एसएपीला (कंपनीचा हिशेब-खरेदी चालवणारं सॉफ्टवेअर) कसं जोडणार? माहिती-सुरक्षेचं आयएसओ २७००१ प्रमाणपत्र आहे का? जीडीपीआरचा, म्हणजे वैयक्तिक माहिती जपण्याच्या युरोपीय कायद्याचा, करार तयार आहे का? (होता, पण पुण्यातल्या लॅपटॉपवर. प्रिंट काढून न्या.) आणि दुसऱ्या दिवशी सारखा एकच शब्द कानावर: सीबॅम. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट वगैरे युरोपात आयात करणाऱ्यांना त्या मालामागच्या कार्बन उत्सर्जनाचा तिमाही अहवाल द्यायचा हा नियम त्याच महिन्याच्या १ तारखेला लागू झाला होता. पहिला अहवाल ३१ जानेवारीपर्यंत. आकडे मागवायचे सप्लायरकडून. आणि यादीत चक्क बोल्ट-स्क्रूही! रात्री हाकललेला चाकणवाला दुपारी सन्मानाने परत आणला. त्याच्याकडून आकडे कसे मागवायचे, एवढंच दाखवत बसलो, आणि पहिल्यांदाच लोक स्टॉलवर थांबले.

बाकी किरकोळ. आमंत्रणपत्र हातात पडलं की त्याच दिवशी शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट बघा. प्रवासविमा किमान ३०,००० युरोचा लागतो. शिफोल विमानतळावरून सेंट्रलला थेट ट्रेन आहे, साधारण पाव तास. बँकेचं कार्ड टॅप करून जाता येतं, फक्त उतरल्यावर पुन्हा टॅप करायचं विसरू नका. आपले जाड तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत. सायकलच्या लाल पट्ट्यावर उभं राहून नकाशा बघू नका, घंटी वाजते तेव्हा सायकल अंगावर आलेली असते. स्टॉलवर दोघंच असाल तर एकाचं जेवण हुकलंच म्हणून समजा. आम्ही बाकरवडी ठेवली होती. ब्रोशर उरली, बाकरवडी नाही.

साठेक कार्डं जमली. प्रत्येकाच्या पाठीवर त्या माणसाचा प्रश्न तिथल्या तिथे लिहून ठेवला होता, म्हणून परतल्यावर मेल नेमक्या लिहिता आल्या. अकरा उत्तरं आली. त्यातल्या एकाने सॉफ्टवेअरबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्याला चाकणच्या त्या बोल्टवाल्याचा पत्ता हवा होता. आता त्याला कसं सांगणार, की तो आम्हीच रचलेला?