वाळेल तो रंग

जुलै महिन्यात मुंबईतल्या माणसाच्या अंगावर कोणता रंग असावा हे त्याचे मन ठरवत नाही, घरातली दोरी ठरवते. गेल्या मंगळवारी दुपारी मला एका कामासाठी बाहेर पडायचे होते आणि पंख्याखाली आडव्या बांधलेल्या दोन दोऱ्यांवरचे माझे चारही शर्ट हाताला गार लागत होते. तीन दिवस न वाळलेल्या कपड्यांना येतो तो कुबट वास त्यांना येऊ लागला होता, आणि अशा शर्टावरून इस्त्री फिरवली तर तोच वास गरम होऊन निघतो, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको. शेवटी कपाटाच्या तळाशी घडीही न मोडलेला एक झब्बा हाती लागला. मेव्हणीच्या मुलीच्या हळदीला घरातल्या सगळ्या पुरुषांना एकसारखे झब्बे वाटले होते, त्यांतला हा. त्या दिवशी माप बसत नसल्याचे निमित्त सांगून मी तो टाळला होता. रंग पिवळाधमक.

माझ्या कपाटात एरवी राखाडी, निळा, आणि या दोहोंच्या मधे कुठेतरी बसणारे रंग एवढेच असतात. 'या कपाटात कायम आषाढ' असे बायको म्हणते. मला स्वतःला त्यात कधी खिन्नता वाटली नाही. कुणाच्या नजरेत न भरता मुलुंडहून दादरला जावे आणि तसेच परत यावे, एवढीच माझी कपड्यांकडून अपेक्षा असते, आणि राखाडी रंग ती निमूटपणे पुरी करतो. पिवळ्या झब्ब्याने मात्र जिना उतरण्यापूर्वीच करार मोडला. खालच्या मजल्यावरच्या आजी दारातच बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, "अरे वा! कुणाकडे कार्य?" केळीवाल्याने दोन केळी जास्त घातली की मलाच तसे वाटले, कोण जाणे. फलाटावर उभा राहिलो तर पोटावर बारीक बारीक चिलटे येऊन बसू लागली. मावा आणि पांढरी माशी पकडायला शेतकरी पिवळेच चिकट सापळे लावतात, हे मला ठाऊक होते. त्या सापळ्याची बाजू मात्र मी पहिल्यांदाच अनुभवत होतो.

ज्या कचेरीत मला जायचे होते, तिथून याआधी दोनदा मी राखाडी शर्टात परत आलो होतो, एकदा एक प्रत कमी म्हणून आणि एकदा जेवणाची सुट्टी म्हणून. या वेळी खिडकीपलीकडच्या बाईंनी एकदा माझ्याकडे आणि एकदा झब्ब्याकडे पाहिले आणि त्या चक्क "बसा" म्हणाल्या. काम वीस मिनिटांत झाले. परतीच्या गाडीत मी स्वतःशी गुणगुणत होतो, आणि हे समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरून माझ्या लक्षात आले.

आता हा आनंद पिवळ्या रंगाचा, झालेल्या कामाचा, की वाटेत भेटलेल्या हसऱ्या चेहऱ्यांचा, याचा निवाडा करायला मी बसलो नसतो. पण गाडी कुर्ल्याच्या पुढे बराच वेळ थांबली. २०१२ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाची गोष्ट मला आठवली. पांढरा कोट एकच. तो घालायला देताना काहींना सांगितले की हा डॉक्टरचा आहे आणि काहींना सांगितले की हा रंगकाम करणाऱ्याचा आहे. डॉक्टरचा समजून घालणाऱ्यांचे लक्ष हातातल्या कामात अधिक चांगले राहिले. रंगाऱ्याचा समजून घालणाऱ्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. त्याच मालिकेतला दुसरा एक प्रयोग पुढे कुणी पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, त्यामुळे त्यावर फार भार टाकण्यात अर्थ नाही. मला त्यात खटकते ते वेगळेच. रंगाऱ्याचा कोट घातला की लक्ष लागत नाही, असे त्या लोकांना का वाटावे? रंगकामात किती लक्ष लागते ते मी लहानपणी पाहिले आहे. त्याकडे येतोच.

एखाद्या रंगात मुळातच काही उत्साह किंवा उदासी भरलेली असते, हे मला पटत नाही. लाल म्हणजे चैतन्य, असे म्हणतात. नवरीच्या अंगावरचा शालू लाल असतो, हे खरे. पण केशवपन केलेल्या विधवेला आयुष्यभर नेसावे लागे ते आलवणही लालच असे. रंगाच्या अंगी काही जादू असती तर माझ्या पणजीचे म्हातारपण मोठ्या चैतन्यात जायला हवे होते. काळ्याचेही तेच. बारशाला, मुंजीला, लग्नाला काळे नेसून गेले तर भुवया वर जातात आणि संक्रांतीला तीच चंद्रकळा नेसून, अंगभर हलव्याचे दागिने घालून, नवी सून कौतुकाच्या चौरंगावर बसते. रंगाचे वजन कोणत्या दिवशी कोण नेसले यावर ठरते.

भाषेने मात्र रंग आणि मन यांची गाठ फार पूर्वीच मारून ठेवली आहे. रंग आणि राग हे दोन्ही शब्द 'रञ्ज्' या एकाच धातूपासून आले. रंगणे, रंगवणे हा त्याचा अर्थ. संस्कृतात राग म्हणजे रंगही आणि प्रेमही. मराठीत येताना प्रेम अनुरागाच्या वाट्याला गेले आणि रागाकडे नुसता संताप उरला. मनोरंजन म्हणजे मनाला रंग देणे. आणि वैराग्य म्हणजे तो रंग उतरणे, तरी वैराग्य आलेला माणूस भगवा घालतो, कारण मन बिनरंगाचे झाले तरी अंगावर काहीतरी घालावेच लागते.

भरताच्या नाट्यशास्त्रात प्रत्येक रसाला रंग वाटून दिला आहे. रौद्र तांबडा, भयानक काळा, अद्भुत पिवळा, हास्य पांढरे, आणि करुणाचा रंग कपोत, म्हणजे पारव्याचा. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी माझ्या कपाटाकडे थोड्या संशयाने पाहिले होते. मुंबईत करुण रस वळचणीला बसून घुमत असतो आणि खिडकीतल्या वातानुकूलन यंत्रावर अंडी घालतो, हेही तेव्हाच कळले. पण नवरात्रातला शनिवार आठवून पाहा. नऊ दिवसांचे रंग वर्तमानपत्रात छापून येतात, बहुतेक वारावरून ठरतात, आणि शनिवारच्या वाट्याला दरवर्षी राखाडी येतो. त्यामागे कुठल्याही पोथीचा आधार नसावा, आणि त्यावाचून कुणाचे अडतही नाही. त्या सकाळी बायकांचा डबा समोर येऊन थांबतो तेव्हा आत दारापासून खिडकीपर्यंत सगळा पारवा रंग भरलेला असतो. कुणी कपाट उपसून काढलेली साडी, कुणी बहिणीची ओढणी, कुणाला राखाडी सापडलाच नाही म्हणून चंदेरी; आणि एवढ्या बायका करुण रसाचा गणवेश घालून मोठमोठ्याने हसत असतात. त्याच दिवशी त्याच रंगाचा शर्ट घालून पुरुषांच्या डब्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही.

पुरुषांच्या कपड्यांच्या दुकानात रंगांना नावेच नसतात. लाईट आणि डार्क अशा दोन जाती तेवढ्या असतात. आईच्या तोंडी मात्र आमसुली, अबोली, डाळिंबी, पोपटी, मोरपंखी, चिंतामणी असे रंग असत, आणि त्यातले निम्मे ऐकताना आम्हाला भूक लागे. लालबागच्या चाळीतल्या आमच्या खोलीत तिच्या रोजच्या साड्या पाच. नव्या साड्या दिवाळीला आल्या तर येत. मधल्या काळात ती जुन्याच साडीला नवा रंग द्यायची. वाण्याकडून रंगाची पुडी आणायची, मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचे, पुडीतली चिमूटभर भुकटी आधी वाटीत कालवून मग पातेल्यात सोडायची आणि ओली साडी त्यात बुडवून काठीने ढवळत राहायची. ढवळणे थांबले की साडीवर डाग पडतात, त्यामुळे त्या अर्ध्या तासात तिच्याशी बोलायची सोय नसे. फिक्यावर गडद चढतो, गडदावर फिका चढत नाही, हा नियम मी तिथे शिकलो. तिची एक सुती साडी माझ्या देखत अबोलीची डाळिंबी झाली, डाळिंबीची तपकिरी झाली आणि मग गोधडीत गेली. रंग दिल्यावर दोन-तीन दिवस आईची बोटे मनगटापर्यंत डाळिंबी असत आणि ती त्या दिवसांत उगाचच गाणी म्हणे.

या कामात तिचे सल्लागार म्हणजे शेजारचे तात्या. "मीठ घातलंत का, वहिनी? नाहीतर रंग धरायचा नाही," असे ते गॅलरीतूनच विचारीत. ते गिरणीच्या डाईंग खात्यात जिगरवर होते. जिगर म्हणजे कापड एका रुळावरून रंगाच्या पाण्यातून दुसऱ्या रुळावर जाते आणि पुन्हा उलटे फिरून येते ते यंत्र. ठरलेल्या फेऱ्यांत ठरलेली छटा आली नाही तर सगळा ताका वाया. तात्या पाळीवरून परतले की आम्ही मुले त्यांचे हात बघायला धावत असू. नखांच्या कडांत आणि टाचांच्या भेगांत त्या दिवशीचा रंग बसलेला असे, आणि आज कोणता यावर आमच्या गोट्या लागत. एका अंगठ्याच्या नखात कधी कधी सोमवारचा निळा आणि बुधवारचा हिरवा असे दोन थरही दिसत. आपल्या अंगावर मात्र तात्या फक्त पांढरे घालीत. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, दर रविवारी स्वतः धुतलेला, नीळ दिलेला. तीही बादलीत बोट बुडवून, उजेडात धरून, नेमकी तेवढीच. ते कपडे गॅलरीतल्या दोरीवर काठ जुळवून वाळत घातले की त्यांच्याखालून जाताना आम्हालाही डोके सांभाळून जावे लागे. "दिवसभर रंगच बघतो रे, घरी आल्यावर डोळ्यांना बसायला जागा नको?" असे ते म्हणत. दिवसाच्या शेवटी तो पांढरा सदरा घालून कठड्याशी उभे राहिलेले तात्या मला आजही आठवतात. चाळीतला सर्वात श्रीमंत माणूस तोच असावा, असे तेव्हा वाटे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार घरी बसले, त्यांतले तात्या एक. पहिले काही दिवस आम्ही सवयीने त्यांची नखे पाहत होतो. मुळापासून नितळ नख उगवत येत होते आणि रंगाची कड आठवड्या-आठवड्याने पुढे सरकत होती. जून उजाडता उजाडता हातांच्या नखांतली शेवटची निळी कड त्यांनी ब्लेडने कापली आणि कठड्यावरून खाली टाकली. त्यानंतर त्यांचे हात आमच्या वडिलांच्या हातांसारखे, म्हणजे कुणाच्याही हातांसारखे, दिसू लागले.

दोन वर्षांनी त्यांना एका इमारतीत रखवालदाराची नोकरी मिळाली. गणवेश निळा होता, खिशावर पिवळ्या दोऱ्याने काहीतरी विणलेले होते. तो निळा कच्चा आहे, हे तात्यांनी कापड हातात घेताच ओळखले असणार. पहिल्या धुण्यातच त्यांची बादली निळी झाली. पण तो गणवेश त्यांनी गॅलरीतल्या दोरीवर एकदाही घातला नाही. बाहेर पांढरे सदरे तसेच काठ जुळवून लटकत आणि गणवेश आत, खोलीत, खिळ्याला अडकवलेला असे. पावसाळ्यात तो तिथे वाळणे शक्यच नव्हते. सकाळी साडेसहाला, आम्ही शाळेसाठी दात घासत उभे असू तेव्हा, तात्या तो ओलाच अंगात चढवून, वरची गुंडी लावत आमच्या समोरून जिन्याकडे जात, आणि त्यांचे हात पाहायला आमच्यातला कुणीही पुढे होत नसे.