किती जोड कपडे घ्यायचे?

उष्ण कटिबंधातल्या डोंगरात ट्रेकला निघालेली मंडळी मला हमखास हेच विचारतात. सकाळी कडक ऊन, दुपारी धो धो पाऊस, रात्री गारठा, मग कपडे न्यायचे तरी किती? दोन जोड, असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. पण ट्रेक चार दिवसांचा असो वा दहा, माझं उत्तर तेच. एक जोड भिजायला, एक झोपायला.

भिजणार आहोत हे आधीच मान्य करून टाकावं. पाऊस नाही आला तरी घाम आहेच. दमट हवेत तो उडून जात नाही आणि रात्री दोरीवर टाकलेला शर्ट सकाळी जवळपास तितकाच ओला मिळतो. त्यामुळे चार जोड नेले तर चौथ्या दिवशी चार ओले जोड पाठीवर वाहायचे, एवढंच होतं.

चालायचा जोड पॉलिस्टर किंवा नायलॉनचा असावा. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट आणि पातळ फुल पँट. पॉलिस्टर पाणी जेमतेम धरतं, पिळून घातलं की अंगाच्या उबेनंच वाळत जातं. सुती कपडा पाणी पितो आणि सोडायचं नाव घेत नाही. जीन्सचा तर विषयच नको. बाह्या ऊन, डास आणि काटे तिन्हींसाठी. रंग फिका बरा, कारण डेंग्यू पसरवणारे एडिस डास गडद रंगाकडे ओढले जातात. जळवांचं जंगल असेल तर घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे खास मोजे मिळतात. पँटचे पाय त्यात खोचायचे.

अंतर्वस्त्रांबद्दल कुणी विचारत नाही आणि दुसऱ्या दिवशी सगळे पाय फाकवून चालतात! ओल्या सुती शिवणीनं मांड्या सोलवटून निघतात. लांब पायांची, अंगासरशी बसणारी, मांडीच्या आतून शिवण न जाणारी घ्या.

झोपायचा जोड तंबूत किंवा छपराखालीच अंगावर चढतो, सकाळी उतरतो. खरी परीक्षा सकाळीच असते. कालचा गारढोण शर्ट पाठीला चिकटतो तेव्हा अंगावर सर्रकन काटा येतो आणि हात आपोआप कोरड्या कपड्यांकडे जातो. जाऊ देऊ नका. चालायला लागलं की थोड्याच वेळात शर्ट अंगाइतका गरम होतो. कोरडा जोड घालून निघालात तर रात्री अंगावर घालायला काही उरत नाही. सॅकच्या कव्हरवर विसंबू नका, पाठीकडची बाजू त्यात उघडीच राहते. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडा.

गारठ्याला मात्र हलक्यात घेऊ नका. दर 1000 मीटरला तापमान साधारण 6 अंशांनी उतरतं. मलेशियातला 4095 मीटरचा किनाबालू आणि टांझानियातला 5895 मीटरचा किलिमांजारो, दोन्ही डोंगर विषुववृत्ताजवळचे. पायथ्याच्या जंगलात घामाच्या धारा लागतात आणि किलिमांजारोच्या माथ्यावर हिमनद्या आहेत. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं, त्यामुळे ओल्या अंगावर वारा लागला तर बर्फ नसतानाही हायपोथर्मिया होतो, म्हणजे शरीराचं तापमान धोकादायकरीत्या खाली जातं. म्हणून दोन जोडांवर एक फ्लीस, म्हणजे कृत्रिम धाग्याचं मऊ, उबदार जॅकेट. पिसांचं जॅकेट भिजलं की पिसांचे गोळे होतात आणि ऊब जाते. दमट हवेत कृत्रिम भरणाचं जास्त भरवशाचं.

महागड्या 'श्वास घेणाऱ्या' रेनकोटबद्दल विचाराल, तर बाहेरची हवाच गरम आणि वाफेनं भरलेली असेल तर आतली वाफ बाहेर जाणार कुठे? खालच्या जंगलात तो चढवला की माणूस आतून भिजतो. तिथे मी सरळ पावसात चालते. थांबल्यावर, उंचावर, वाऱ्यात मात्र तो हवाच. काखेत चेन असलेला बघा. वाट रुंद असेल तर छत्री. लोक हसतात, हसू देत.

फक्त मोज्यांच्या बाबतीत मी दोनावर थांबत नाही. तीन जोड नेते, आणि तिसरा झोपताना घालायला. दिवसभर पाण्यात भिजून पांढरी पडलेली, सुरकुतलेली कातडी कोरडी व्हायला रात्रच मिळते, आणि टाच एकदा सोलली की बाकीचे कपडे कितीही नीट भरलेले असोत, पुढचा सगळा ट्रेक लंगडत करावा लागतो.