टॉवर उभा राहिला, कागद अडला

कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली सोडायच्या परवानगीच्या आमच्या अर्जावर आलेलं तिसरं त्रुटीपत्र मी अजून जपून ठेवलंय. त्यात एकच ओळ आहे: 'यादीतील अनुक्रमांक ७ ची जुनी विहीर बुजवल्याचे कागद जोडलेले नाहीत.' या एका ओळीने आमचे चौदा महिने खाल्ले. त्या काळात ठेकेदाराच्या हमी-चाचणीसाठी आम्ही वीजकेंद्रातल्या कोळशाच्या युनिटच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचो, त्याची शुद्धता मोजायचो, वहीत लिहायचो आणि बाजूच्या नळीतून परत हवेत सोडून द्यायचो. जमिनीखाली सोडायची परवानगी नव्हती ना!

ज्यांच्याकडे हे काम नुकतं सुरू होतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी वाचलं तर माझा राग थोडा निवळेल.

काम थोडक्यात असं. चिमणीकडे जाणारा धूर थंड करून एका टॉवरमध्ये खालून सोडायचा आणि वरून अमाइन या रसायनाचं द्रावण ओतायचं. साधारण ४० अंशांना अमाइन कार्बन डायऑक्साइड धरतं, दुसऱ्या टॉवरमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवलं की सोडतं. सुटलेला वायू कोरडा करायचा, दाबायचा, पाइपातून न्यायचा आणि खोल खडकात सोडायचा. टॉवर, पंप, कॉम्प्रेसर, पाइपलाइन सगळं वेळेत उभं राहिलं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चालू करताना राखेने मात्र रडवलं. गाळूनही धुरात बारीक राख उरते. ती अमाइनमध्ये उतरली की द्रावण लवकर खराब होतं, फेसाळतं आणि उष्णता-विनिमयक तुंबतात. गंधकाचा अंश राहिला तर अमाइनचे असे क्षार होतात की ते तापवूनही सुटत नाहीत. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात बाउंड्री डॅम या कोळशाच्या वीजकेंद्राचं असंच तिसरं युनिट ऑक्टोबर २०१४ मध्ये सुरू झालं. वर्षाला १० लाख टन पकडायचं ठरलं होतं, पण सुरुवातीची वर्षं त्यांनाही राख आणि बिघडलेल्या अमाइनशीच झगडावं लागलं. ते आम्ही वाचलं होतं, तरी धूर धुण्याच्या यंत्रणेत काटकसर केलीच. दुसऱ्याच्या ठेचेने शहाणं व्हायला बहुतेक आमच्या बजेटमध्ये तरतूद नव्हती.

आता त्या अर्जाकडे येतो.

साधारण ८०० मीटरच्या खाली दाब इतका असतो की कार्बन डायऑक्साइड द्रवासारखा दाट होतो आणि थोड्या जागेत मावतो. वर अभेद्य खडकाचं झाकण लागतं. या झाकणाला माणसाने आधीच कुठे भोक पाडलेलं असेल, तर तीच गळतीची वाट. शिवाय पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आम्लासारखा वागतो, जुनं सिमेंट पोखरतो. म्हणून परिसरातली प्रत्येक जुनी विहीर (म्हणजे यंत्राने पाडलेलं खोल भोक) शोधून तिची कुंडली मांडावी लागते. मेख अशी की परिसराची हद्द वायू कुठवर जाईल यावर ठरत नाही. दाब कुठवर पसरेल यावर ठरते, आणि दाब वायूच्या कितीतरी पुढे पोचतो.

आमच्या पहिल्या नकाशात सहा विहिरी होत्या, सहांचेही कागद होते. परवानगी देणाऱ्या कार्यालयातले साहेब म्हणाले, "दाबाचा अंदाज जरा सढळ धरा." धरला. वर्तुळ फुगलं आणि त्याच्या काठावर, एका जुन्या सर्वेक्षण-नकाशातला एक ठिपका आत आला. तोच अनुक्रमांक ७.

मग हेलपाटे सुरू झाले. फाइल 'वर गेली आहे' असं सात आठवडे ऐकलं. वर म्हणजे कुठे, हे खालच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांची बदली झाली. नव्या मॅडमनी सगळं पहिल्यापासून मागितलं आणि नकाशाचं प्रमाण चुकीचं म्हणून तो परत केला. प्रमाण आधीच्या साहेबांनीच सांगितलेलं, पण तोंडी. (म्हणून सांगतो, प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी काय ठरलं ते लिहून पाठवा आणि पोच घ्या. मी हे नवव्या महिन्यात शिकलो.)

इकडे आमची शोधमोहीम. लोखंडी केसिंग (विहिरीच्या आत बसवलेली नळी) जमिनीत असेल तर चुंबकीय मोजणीत दिसतं. आम्ही तो तुकडा दोनदा पिंजून काढला. काही नाही. केसिंग कुणी उपसून नेलं असेल तर मोजणीत काय दिसणार, डोंबल! भोक आहे की नाही हेच सिद्ध होईना, मग ते नीट बुजवलंय हे कसं दाखवायचं? मी एकदा चिडून म्हटलं, "मॅडम, जी विहीर सापडत नाही तिचा कागद कुठून आणू?" त्या शांतपणे म्हणाल्या, "सापडत नाही, हीच तर अडचण आहे." खरं म्हणजे त्यांचं चुकत नव्हतं. त्या दिवशी तेही झोंबलं.

दरम्यान युनिटवरची माणसं आमच्यावर खार खाऊन होती. द्रावण तापवायला वाफ लागते, ती टर्बाइनच्या पोटातून काढतो. साध्या अमाइनला एक टन कार्बन डायऑक्साइड सोडवायला साडेतीन गिगाज्यूलच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे तेवढी वीज कमी. "आमची वाफ पळवता आणि शेवटी हवेतच सोडता," असं शिफ्टमधला एक जण रोज ऐकवायचा. उत्तर काय देणार? टेक्सासमधल्या पेट्रा नोव्हा या अशाच प्रकल्पाने ही कटकट नको म्हणून वाफेसाठी गॅसवर चालणारं वेगळं युनिटच बांधलं. आम्हाला ते परवडणारं नव्हतं.

पेट्रा नोव्हावरून आठवलं. तो प्रकल्प २०१७ च्या सुरुवातीला चालू झाला. तिथला वायू तेलक्षेत्रात तेल वर ढकलायला जायचा. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि मे महिन्यात पकडणंच थांबलं, ते पुन्हा सुरू व्हायला २०२३ उजाडलं. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नका. बाउंड्री डॅमचा वायूही बराचसा वेबर्नच्या तेलक्षेत्राला जातो, पण जवळच अ‍ॅक्विस्टोअर या साठवण-प्रकल्पाची ३.४ किलोमीटर खोल विहीर पर्याय म्हणून आहे.

पुढच्या देखरेखीसाठी आणि जोखमीसाठी लागणारी हमीची रक्कमही लवकर बघा. विहीर बंद केल्यावरही देखरेख करावी लागते. अमेरिकेच्या २०१० च्या नियमांत मूळ मुदत ५० वर्षं आहे. इतक्या वर्षांची जोखीम घ्यायला विमावाले सहज तयार होत नाहीत. आम्ही त्यांच्याकडे अर्ज भरल्यावर गेलो. आधी जायला हवं होतं.

तर सातवी विहीर. तेराव्या महिन्यात आमच्या भूगर्भतज्ज्ञ मॅडमनी सहज विचारलं, "ही किती खोल होती?" सगळे गप्प. विहीर कुठे आहे, कुणी बुजवली, कशाने बुजवली, हे सगळं आम्ही विचारलं होतं. खोली कुणीच विचारली नव्हती. जुन्या दप्तरात खोदकामाची हस्तलिखित नोंदवही होती. चार दिवस धूळ खाल्ली आणि ओळ सापडली: पाण्याच्या शोधासाठी, २१२ मीटर. आमचं झाकण १,४०० मीटरच्या खाली. म्हणजे ही विहीर झाकणाच्या जवळपासही पोचली नव्हती. तिचा आमच्या वायूशी काडीचा संबंध नव्हता.

नोंदीची प्रत घेऊन गेलो. मॅडमनी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "मग ही यादीत घातलीत कशाला?"

घातली होती आम्हीच. कार्यालयाने मागितलेली यादी होती झाकण भेदणाऱ्या विहिरींची. आपण किती काटेकोर आहोत हे दाखवायला नकाशावरचा प्रत्येक ठिपका मीच त्यात कोंबला होता. कार्यालयाला मी चौदा महिने शिव्या घातल्या. त्यातल्या निम्म्या परत घेतो. सात आठवडे 'वर' राहिलेल्या फाइलच्या नाही.

पुन्हा करायचं झालं तर टॉवरची ऑर्डर द्यायच्या आधी खडकाचा अर्ज टाकेन. लोखंड पैसे दिले की येतं.

परवानगी आली त्या दिवशी वाफेवरून टोमणे मारणाऱ्यालाच हवेत सोडणारी झडप बंद करायला लावली. पाइपातला दाब चढला, विहिरीच्या तोंडाशी काटा हलला. "जातंय खाली," तो म्हणाला आणि चहाला गेला.

अनुक्रमांक ७ आजही यादीत आहे. तो वगळायचा तर परवान्यात दुरुस्तीचा नवा अर्ज करावा लागतो. मी काही तो करणार नाही.